डिचोली ते लिस्बन: दोन मांजरे, नऊ महिने आणि माणगावचा रस्ता

लिस्बनला पोहोचून आज बारावा दिवस आहे आणि अजूनही डोळा लागला की मला मुंबईच्या वाटेवरच्या माणगावची वाहनांची रांग दिसते. आमची दोन मांजरे, अबोली आणि भिकू, डिचोलीच्या घरातून येथवर सुखरूप आली. परंतु ज्या माणसांच्या सल्ल्यावर आम्ही विसंबलो त्यांपैकी दोघांनी आम्हाला चुकीचे सांगितले. त्या दोन चुकांची किंमत आम्ही पैशांत मोजली आणि मांजरांनी जिवावर बेतणाऱ्या पाच तासांत मोजली. गोव्यातून युरोपला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरांत मांजरेही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मांजर पिंजऱ्यात बसते, गाडीची त्याला थोडी सवय आहे आणि तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर प्रवास करणार आहात, एवढे मी गृहीत धरते.

पहिली चूक जानेवारीत झाली. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मांजराला १५ अंकी मायक्रोचिप आधी बसवावी लागते आणि रेबीजची लस त्यानंतर, किंवा फार तर त्याच दिवशी चिप बसवून झाल्यावर, टोचावी लागते. चिपच्या आधी टोचलेली लस कागदोपत्री टोचलेलीच नाही असे मानले जाते, कारण ती नेमक्या त्याच मांजराला टोचली होती याचा पुरावा नसतो. आमच्या दवाखान्यात ५ जानेवारीला लस दिली आणि चिप मागवायची असल्यामुळे ती २० जानेवारीला बसवली. क्रमाने काही फरक पडत नाही, असे मला तेथे स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले. फेब्रुवारीत रक्त काढण्यासाठी पणजीला दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन तारखा पाहिल्या, फाइल मिटली आणि पहिल्यापासून सुरुवात करा असे सांगितले.

पहिल्यापासून म्हणजे किती, ते नीट समजून घ्या. भारत हा युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत नाही. त्यामुळे येथून जाणाऱ्या प्रत्येक मांजराच्या रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. रक्त लशीनंतर किमान ३० दिवसांनी काढायचे, प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण होईपर्यंत मांजराने युरोपात प्रवेश करायचा नाही. हे तीन महिने अहवाल हाती आल्यापासून नव्हे, तर रक्त काढल्यापासून मोजतात. आम्ही १२ फेब्रुवारीला पुन्हा लस दिली आणि १८ मार्चला रक्त काढले, म्हणजे १८ जूनच्या आधी निघणे अशक्य झाले. चिप वेळेवर बसली असती तर मे महिन्यात आम्ही सगळे एकत्र निघालो असतो. त्याऐवजी माझे पती नोकरीवर रुजू व्हायला मे महिन्यात एकटे गेले, मी मांजरांसाठी मागे राहिले आणि चवथीला ते पुन्हा येऊन आम्हाला घेऊन गेले. त्यांचे जाण्यायेण्याचे जादा भाडे ही त्या पंधरा दिवसांच्या उलटसुलटीची किंमत आहे.

ओळखीच्या अनेकांनी मला असेही सांगितले की राज्य सरकारने २०२१ मध्येच गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे, तेव्हा तुम्हाला या चाचणीची गरज नाही. त्या मोहिमेत कुत्र्यांच्या लसीकरणाचे जे काम झाले त्याबद्दल मला आदरच आहे. तथापि युरोपीय संघ देश पाहतो, राज्य पाहत नाही. या मुद्द्यावर कोणाशीही वाद घालण्यात वेळ घालवू नका.

दुसरी चूक दलालाची होती आणि ती चूक होती असे म्हणणेही मला जड जाते. पाळीव प्राणी परदेशी पाठवून देणाऱ्या एका व्यावसायिकाने आमच्याकडे दोन मांजरांचे १ लाख ८५ हजार रुपये मागितले. त्यात युरोपातील विलगीकरणाचे शुल्क होते. कागदपत्रे पूर्ण असली तर तेथे मांजराला विलगीकरणात ठेवतच नाहीत. त्यात दोन लाकडी पेट्यांचे पैसे होते. आमची मांजरे मात्र केबिनमध्ये, आमच्या पायांशी, कापडी पिशवीत बसून येणार होती. गोव्यातून मुंबईला कोणत्याही विमानात मांजर नेता येत नाही, म्हणून मुंबईपर्यंत गाडी आणि सोबत माणूस, असा आणखी एक खर्च त्याने लावला. ही माहिती धादांत खोटी होती. देशांतर्गत उड्डाणांत ठरावीक वजनापर्यंतचे मांजर केबिनमध्ये घेणाऱ्या विमानकंपन्या आहेत, काही कंपन्या घेत नाहीत, आणि एका दूरध्वनीने ते समजते. मी तो दूरध्वनी केला नाही आणि म्हणून पुढे आम्ही मुंबईला गाडीनेच गेलो. आगाऊ दिलेले ४० हजार परत मिळाले नाहीत. पुढे सगळे आम्ही स्वतः केले तेव्हा चिप, लस, दोन चाचण्या, कुरिअर, मांजरांचे विमानभाडे आणि लिस्बनमधील तपासणी मिळून खर्च ७८ हजारांच्या आत बसला. माझे स्पष्ट मत असे आहे की मांजर केबिनमधून जाणार असेल आणि घरात इंग्रजी अर्ज भरू शकणारी एक व्यक्ती असेल, तर दलाल लावू नये.

स्वतः करायचे म्हटले तरी मुंबईला जावेच लागते, कारण केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण आणि प्रमाणन सेवेचे केंद्र गोव्यात नाही. आम्हाला जवळचे केंद्र मुंबईचे. तेथील अधिकारी मांजर प्रत्यक्ष पाहतात, चिप तपासतात आणि आरोग्य प्रमाणपत्रावर सही-शिक्का करतात. हे प्रमाणपत्र सहीच्या तारखेपासून युरोपातील प्रवेशतपासणीपर्यंत १० दिवसच चालते. म्हणून फार आधीही जाता येत नाही आणि अगदी आदल्या दिवशी जाणे धोक्याचे ठरते. प्रमाणपत्राचा नमुना इंग्रजीबरोबर ज्या देशात प्रथम उतरणार त्या देशाच्या भाषेतही असावा लागतो, आमच्या बाबतीत पोर्तुगीजमध्ये. हे मला फार उशिरा कळले. गोवा मुक्तीपूर्वी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी ओसरीवर बसून तो नमुना ओळीओळीने वाचून दिला आणि एका रकान्यात मी चिपचा क्रमांक एक अंक गाळून लिहिला होता तो त्यांनी पकडला. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी घेतलेले ते कष्ट मी विसरणार नाही.

आता रस्त्याबद्दल. सात दिवसांचा गणपती पोहोचवून दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता आम्ही डिचोलीहून निघालो. मुंबईची सगळी चाकरमानी मंडळी त्याच दिवशी कोकणातून परतत असतात, हे माहीत असूनही आम्ही राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला, कारण अंतर कमी होते आणि महामार्ग आता चांगला झाला आहे असे सगळे सांगत होते. बांद्यापासून राजापूरपर्यंत तो खरोखरच चांगला आहे आणि कशेडीचा बोगदाही उपयोगी पडतो. मांजरे शांत होती, भिकू झोपलाही होता. दुपारी एक वाजता महाड मागे टाकले आणि लोणेऱ्याला गाडी थांबली. लोणेरे ते इंदापूर हे जेमतेम वीसेक किलोमीटर अंतर कापायला आम्हाला पाच तास लागले. माणगावचा बाह्यवळण रस्ता वर्षानुवर्षे अपुरा असल्यामुळे सगळी वाहतूक बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यात शिरते आणि तेथेच गोठते.

पाऊस थांबून कडक ऊन पडले होते. गाडी एका जागी उभी, वातानुकूलन चालू, तरीही मागच्या आसनावरची हवा गार होईना. तिसऱ्या तासाला अबोली तोंड उघडून धापा टाकू लागली. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते नेहमीचे असते, परंतु मांजर तसे करू लागले तर ते संकटात आहे असे समजावे. मी तिला पुढे माझ्या मांडीवर, वाऱ्याच्या झोतासमोर घेतले, ओल्या फडक्याने तिचे कान आणि पंजे पुसत राहिले आणि बोटावर पाण्याचे थेंब देत राहिले. रांगेतून बाहेर पडायला वाट नव्हती, पशुवैद्याकडे जायचे तर कोठे जायचे तेही कळत नव्हते. माझे पती, जे एरवी फार बोलत नाहीत, ते खाली उतरून रस्त्यातल्या टपरीवरून बर्फ घेऊन आले. तो फडक्यात गुंडाळून पिशवीच्या बाहेरच्या बाजूला लावला तेव्हा अर्ध्या तासाने तिचा श्वास संथ झाला. ते पाच तास मला पुन्हा कोणी कितीही पैसे दिले तरी नकोत.

म्हणून सांगते: मांजर घेऊन महामार्ग ६६ ने मुंबईला जाऊ नका. चतुर्थीच्या, शिमग्याच्या आणि मेच्या सुट्टीच्या दिवसांत तर मुळीच जाऊ नका. सर्वांत उत्तम म्हणजे मोपा किंवा दाबोळीहून मांजर केबिनमध्ये घेणाऱ्या कंपनीचे विमान. तासाभरात मुंबई येते. गाडीनेच जायचे असेल तर बांद्याहून आंबोली, आजरा, गडहिंग्लजमार्गे, किंवा फोंडा-वाळपईच्या बाजूचे असाल तर चोर्ला घाटाने बेळगावमार्गे निपाणी गाठा आणि कोल्हापूर, सातारा, पुणे असे जा. अंतर वाढते, घाट वळणावळणाचा आहे आणि मांजर पहिल्या तासात ओकू शकते, परंतु अडकलात तर गाडी वळवायला जागा असते आणि वाटेत मोठी गावे लागतात. पहाटे पोटभर खायला देऊ नका, निघण्याआधीचे चार-सहा तास पोट हलके राहू द्या. झोपेचे औषध स्वतःच्या मनाने तर कधीच देऊ नका. गुंगीच्या काही औषधांनी मांजराचा रक्तदाब आणि शरीराचे तापमान ढासळते आणि विमानात ते सावरायला कोणी नसते.

मुंबईतील चार दिवस डोंबिवलीला नणंदेकडे बरे गेले. सही-शिक्क्याचे काम एका दुपारीत झाले.

विमानतळावर लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच आहे. सुरक्षा तपासणीत पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर हातात घेऊन तुम्हाला चौकटीतून जावे लागते. अनोळखी आवाजांत मांजर हातातून निसटले तर त्या इमारतीत ते सापडणार नाही. छातीला बसणारा पट्टा घरापासूनच घालून ठेवा, दोरी मनगटाला गुंडाळा आणि बंद खोलीत तपासणी करावी अशी विनंती आधीच करा. आम्हाला खोली मिळाली. वजनाचीही खबरदारी घ्या. आमच्या कंपनीची मर्यादा पिशवीसह ८ किलो होती आणि भिकू पिशवीसह ७ किलो ८०० ग्रॅम भरला. खिडकीवर ते खरोखर वजन करतात. एका प्रवाशाला एकच मांजर नेता येत होते आणि जागा आधी कळवून निश्चित करावी लागली, कारण एका विमानात ठरावीक संख्येनेच प्राणी घेतात. इस्तंबूलमार्गे प्रवास झाला आणि दोघेही जवळजवळ संपूर्ण वेळ झोपून होते. पिशवीत अंथरलेले शोषक कापड एकदाच बदलले.

लिस्बनच्या विमानतळावरील पशुवैद्यकीय तपासणीला उतरण्याच्या किमान ४८ तास आधी कागदपत्रांसह कळवावे लागते. आम्ही कळवले होते, चिप वाचली गेली, शुल्क भरले आणि पंचवीस मिनिटांत बाहेर पडलो.

जे ब्रिटनला निघाले आहेत त्यांनी मात्र माझा केबिनचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. रक्तचाचणी आणि तीन महिन्यांची वाट तेथेही आहे, परंतु विमानाने ब्रिटनमध्ये येणारे मांजर सर्वसाधारणपणे मालवाहतुकीतूनच आणावे लागते. अनेक जण म्हणून आधी युरोपात उतरतात आणि पुढे रस्त्याने व समुद्रमार्गे जातात. पर्शियनसारखे चपट्या नाकाचे मांजर असेल तर मालकक्षाचा धोका अधिक असतो, आणि अशा मांजराच्या बाबतीत हा लांबचा मार्गच धरावा असे मी म्हणेन.

आणखी एक काम राहते आणि ते येथे आल्यावर विसरायला फार सोपे आहे. एकदा उत्तीर्ण झालेली रक्तचाचणी मांजराच्या आयुष्यभर ग्राह्य राहते, परंतु केवळ पुढच्या लशी मुदत संपण्याआधी दिल्या तरच. एक दिवस उलटला तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त. अबोली आणि भिकू यांची मुदत ११ फेब्रुवारीला संपते, म्हणून येथील दवाखान्यात ३ फेब्रुवारीची वेळ घेऊन ठेवली आहे.