‘ताई, मी केव्हाच मेलोय’

माझं काम हिशेब लिहिण्याचं, दिवसभर खुर्चीत बसून. त्यामुळे आपत्ती स्वयंसेवकाचा फॉर्म भरताना ‘विशेष कौशल्य’ या रकान्यापाशी मी बराच वेळ अडले. पोहता येत नाही, उंचावर गेलं की गरगरतं, गाडी येते पण रात्री चालवत नाही. शेवटी ‘अक्षर चांगलं’ असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. आदल्या वर्षी मागच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी गॅलरीत उभी राहून नुसती बघत होते. ते काही मनातून जात नव्हतं. फॉर्म भरला तो त्यामुळे.

मग ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला, रक्तगट आणि घरातल्या एका माणसाची सही. सही कशाला, हे पहिल्याच दिवशी कळलं. ज्याच्या घरची सोय नाही, तो स्वयंसेवक ऐनवेळी घराकडे पळतो, आणि पळायलाच हवं त्याने. म्हणून पहिला गृहपाठ स्वतःच्या घराचा. मेन स्विच कुठे, गॅस कुठून बंद होतो, महत्त्वाचे कागद कोणत्या पिशवीत, ताटातूट झाली तर भेटायचं कुठे. दूरच्या गावातला एक नातेवाईक ठरवायचा आणि सगळ्यांनी त्यालाच फोन करून खुशाली कळवायची, कारण संकटाच्या जागी आपसात फोन लागत नाहीत, बाहेर मात्र लागून जातो. प्यायचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, निदान तीन दिवसांचं. हे सगळं लिहून काढताना लक्षात आलं की आमचा मेन स्विच कपाटामागे आहे. अकरा वर्षं तो तिथेच होता आणि कपाटही.

शिकवणारे सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. आवाज खणखणीत, पण बोलणं कमी. त्यांनी सुरुवात केली ती मेक्सिको सिटीच्या १९८५ च्या भूकंपापासून. तिथे शेजारपाजारच्या माणसांनी, कसलंही प्रशिक्षण नसताना, ढिगाऱ्यातून सुमारे आठशे जणांना जिवंत बाहेर काढलं. आम्ही सगळे भारावून ऐकत होतो. मग सर म्हणाले, “आणि ते करताना त्यांतलेच शंभर मेले.” पुढे बराच वेळ काहीच बोलले नाहीत. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच सुमारास साध्या नागरिकांना शिकवायला सुरुवात केली, ती असे शंभर जण वाचावेत म्हणून, एवढंच नंतर सांगितलं.

आग विझवायचा सिलिंडर, जखम दाबून धरणं, पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, तेही पाच सेंटिमीटर खोल, हे सगळं जमलं. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. माझं घोडं अडलं ते जखमींच्या वर्गवारीत, म्हणजे आधी मदत कुणाला हे ठरवण्यात.

त्या सरावाला मैदानात वीस ‘जखमी’ आडवे पडले होते. कुणाच्या कपाळाला लाल रंग, कुणाच्या पायाला काठ्या बांधलेल्या. नियम वहीत नीट लिहून घेतले होते. आधी मोठ्याने ओरडायचं, ‘चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या.’ जे उठून गेले, त्यांना हिरवी चिठ्ठी. उरलेल्यांकडे एकेक करून जायचं आणि मिनिटाच्या आत पुढे सरकायचं. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल तर लाल, म्हणजे मदत सगळ्यांत आधी. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला नाही तर लाल. ‘माझा हात दाबा’ म्हटल्यावर दाबता आला नाही तरी लाल. हे सगळं ठीक असलं तर पिवळी, म्हणजे थोडं थांबता येईल. श्वासच नसेल तर मान मागे करून श्वासमार्ग एकदा मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळी चिठ्ठी, आणि पुढे.

तिसराच जखमी कॉलेजातला मुलगा निघाला. त्याच्या छातीवर कागद, ‘श्वास नाही’. मान मागे केली. सर शेजारी उभे, म्हणाले, “तरी नाही.” आणि मी गुडघ्यांवर बसून सरळ दाब द्यायला लागले. एक, दोन, तीन. हात आपोआप चालले होते. विसाव्या की पंचविसाव्या दाबाला त्या मुलाने एक डोळा किलकिला केला आणि हळूच म्हणाला, “ताई, मी केव्हाच मेलोय. तुम्ही जा ना पुढे.”

सगळं मैदान हसलं. मीही हसले. सर हसले नाहीत. “मागे बघा,” म्हणाले. मागे एक मुलगी गप्प पडून होती. तिच्या कागदावर ‘रक्तस्राव, श्वास ३६’ लिहिलेलं. तिच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते, आणि तिची वेळ संपल्याचं सरांनी घड्याळ दाखवून सांगितलं. एकाच जखमीपाशी एकटा माणूस असेल तर दाब द्यायलाच हवेत. वीस जखमी आणि मदतीला तिघं असतील तर तेच दाब दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर बेततात. कागदावर हे पटकन पटतं. काळी चिठ्ठी खरोखर कुणाच्या गळ्यात बांधताना हात थबकतो. दुसऱ्या फेरीत मी बांधली, पण गाठ सुटीच राहिली.

प्रशिक्षणानंतर मला काम मिळालं वस्तीच्या नोंदवहीचं. अक्षर चांगलं ना! थोडी हिरमुसलेच, बाकीच्यांना दोर, हेल्मेट, शिट्टी, मला वही. दारोदार हिंडून विचारायचं: घरात किती माणसं, चालता न येणारं कुणी आहे का, विजेवर चालणारं औषधोपचाराचं यंत्र आहे का, रोजची औषधं कोणती. लोक संशयाने बघत. एका काकांनी दार न उघडता आतूनच सांगितलं, “आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.” तिसऱ्या खेपेला उघडलं.

पाणी आलं ते मध्यरात्रीनंतर. गल्लीच्या तोंडाशी जेमतेम घोट्याच्या वर, पण वाहतं. आमच्यातला एक तरुण उतरायला निघाला, तर प्रमुख ताईंनी त्याची कॉलर धरली. पंधरा सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडतं, साठ सेंटिमीटर गाडी वाहून नेतं. खाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही तेही दिसत नाही. आम्ही काठावर उभे राहिलो. आतून हाका येत असताना काठावर उभं राहणं किती कठीण असतं, हे कुठल्याही वर्गात शिकवून कळण्यातलं नाही.

बचाव पथकाची बोट आली आणि बोटीवरच्याने विचारलं, “आधी कुठं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा कुठे मला कळलं की वही माझ्या हातात आहे. टॉर्चच्या उजेडात वाचून दाखवलं: निळं दार, तळमजला, ऑक्सिजनचं यंत्र, वीज गेलेली. मग अंथरुणाला खिळलेले काका. मग इन्सुलिनवाल्या आजी. चौथं घर मी सांगितलं ते मात्र रिकामं निघालं. ते कुटुंब महिन्यापूर्वीच दुसरीकडे राहायला गेलं होतं आणि मी नोंद बदलली नव्हती. बोटीची एक फेरी, वीस मिनिटं, माझ्या आळसापायी फुकट गेली. कुणी मला बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

आजी बोटीत बसायला तयार नव्हत्या. फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. बाहेर काढलं की वाया जाईल, असा त्यांचा धोशा. चालू असलेली कुपी ऊन-उष्म्यापासून जपली तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, हे मला वर्गामुळे ठाऊक होतं. फोनवरून तसं सांगितलं. “नक्की ना गं?” दोनदा विचारून मगच आल्या, डबा पोटाशी धरलेला.

निवाऱ्याचा हॉल दोनशे दहा चौरस मीटरचा. माणशी साडेतीन चौरस मीटर हे मदतकार्यातलं जगभरचं किमान माप, म्हणजे साठ माणसं. आली एकशे चार. भागाकार मी केला आणि कुणाला दाखवला नाही. शौचालयं पाच होती. वीस माणसांमागे एक हे माप जवळपास जमलं, पण पहाटेच्या रांगेला ते कोण सांगणार?

दुसऱ्या रात्री वहीत एकशे चार आणि मोजले तर एकशे तीन. पुन्हा मोजले. तीनच. जिने, मोरी, मागचं आवार, सगळीकडे टॉर्च फिरवले. एक आई उगाचच आपल्या झोपलेल्या मुलांच्या तोंडावरची पांघरुणं काढून बघत होती. चाळीस मिनिटांनी कुणीतरी माझ्या हातातली वही घेतली आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. ते माझं होतं. ‘आत असेल तो प्रत्येक जण लिहायचा’ हा नियम मीच काटेकोरपणे पाळला होता. नदी उतरून आपल्या दहा जणांना मोजणारा आणि स्वतःला विसरणारा गोष्टीतला तो शहाणा आम्हाला शाळेत फार मूर्ख वाटायचा.

तिसऱ्या दिवशी कपड्यांचा ट्रक आला. मन मोठं करून पाठवलेले असतील, पण आमचे सहा जण दोन दिवस त्या ढिगात अडकून पडले. एका शर्टाची बटणं देण्याआधी कापून घेतलेली होती. तिथे हवे होते ते सॅनिटरी पॅड, वाचायचे चष्मे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि फोनचे चार्जर. देण्याआधी एक फोन करून विचारलं तर काय बिघडतं?

आता दर सहा महिन्यांनी मी वही घेऊन हिंडते. नोंदी पेन्सिलने करते आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख घालते. सही करणाऱ्या माणसाने घरातलं कपाटही हलवलं एकदाचं. परवाच्या फेरीत आजींनी मला बसवून घेतलं आणि ‘औषध फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात’ एवढं माझ्याकडून लिहून घेतलं. मग चष्मा लावून, वही खिडकीकडे धरून, अक्षर लागतंय का ते वाचून पाहिलं.