व्हाईसखालची फळी

बेळगावकडच्या आमच्या आयटीआयत फिटर ट्रेडला, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-जुळवून बसवायचं काम शिकायला, आलेल्या पोरांना आम्ही सुरुवातीला माइल्ड स्टीलचा एक चौकोनी तुकडा देतो. कानशीनं घासून त्याच्या बाजू सपाट करायच्या आणि एकमेकींशी काटकोनात आणायच्या, एवढंच. पण आठवडाभर घासून तळहाताला फोड येतात आणि जॉब, म्हणजे तो तुकडा, मधे फुगलेलाच राहतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून उजेडाकडं धरलं की दोन्ही कडांना फट दिसते.

जांबोटीकडचा एक पोरगा होता, अंगानं बारीक, उंचीनं आखूड. त्याचा जॉब सगळ्यात फुगीर. मी रोज त्याच्या बाकाजवळ जाऊन म्हणायचो, "कानस डोलवू नको रे, सरळ रेट." तो म्हणायचा, "होय सर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा आवाज चढला आणि बाकीची पोरं हसली. मग त्यानं "होय सर" म्हणणंही सोडलं.

एकदा चहा घेऊन आलो आणि काही न बोलता त्याच्या मागं उभारलो. व्हाईसचा, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या बाकावरच्या शिकंज्याचा, जबडा त्याच्या कोपराच्या चांगला चार बोटं वर होता. कोपर उचलून, खांदे ताणून बिचारा कानस ढकलत होता. असं ढकललं की कानस झोके खाणारच, आणि झोके खाल्ले की जॉबच्या कडा जादा घासल्या जाऊन मधे पोट राहणार. व्हाईस कोपराच्या उंचीला असावा हे मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहितो. पोरं वहीत उतरून घेतात, मी पुसून टाकतो. वर्कशॉपचे बाक मात्र सगळे एकाच उंचीचे.

मशिनच्या खोक्याच्या दोन फळ्या ठोकून त्याच्या पायाखाली दिल्या. तिसऱ्या दिवशी गुण्याखालची फट पुष्कळ कमी झाली. तो काय बोलला नाही. पण कानशीचे दात भरू नयेत म्हणून त्यावर खडू घासतात, तो खडू का लावायचा, हे त्यानं त्या दिवशी आपणहून विचारलं. त्याचा तो पहिला प्रश्न.

तेव्हापासून "समजलं काय?" असं विचारणं मी बंद केलं. आमच्याकडं खानापूर तालुक्यातून मराठी शाळेतली पोरं येतात, बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड बोलणारी येतात, शहरातली काही घरी उर्दू बोलतात. थिअरीचं पुस्तक इंग्रजीत. समजलं काय म्हटलं की तिन्ही भाषांतून मान हलते, आणि कोणाची खरी नि कोणाची भीतीनं ते काही कळत नाही.

आता मी एक पिन देतो. प्रत्येकानं ती व्हर्नियरनं, म्हणजे मिलिमीटरचेही बारीक भाग दाखवणाऱ्या सरकत्या मापपट्टीनं, मोजायची आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव नको. वीसेक चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या की वर्गात काय चाललंय ते उघडं पडतं. पिन 12.34 मिलिमीटरची. एका वर्षी सहा चिठ्ठ्यांवर 12.17 होतं. का? व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीवरची सतरावी रेघ मेन स्केलच्या, म्हणजे मुख्य पट्टीच्या, रेघेशी जुळली होती, पोरांनी सतरा तसेच्या तसे पॉइंटच्या पुढं लिहिले. व्हर्नियरचे 50 भाग मेन स्केलच्या 49 मिलिमीटरमध्ये बसवलेत, म्हणून एका भागाचा फरक 0.02. सतरा रेघा म्हणजे 0.34. हे मी आधी दोनदा शिकवलं होतं. पण सहा जणांची चूक एकसारखी असली तर ती माझ्याच शिकवण्यात कुठंतरी असणार. फळ्यावर ती रेघ मोठी काढली आणि सतरा वेळा 0.02 मोठ्यानं मोजायला लावलं. पोरं वैतागली, पण पुन्हा ती चूक झाली नाही.

एका भिंतीवर हत्यारांची नावं लावलीत. फाईल, कानस, कन्नडमध्ये अर. हॅकसॉच्या खाली करवत आणि गरगस. नावं पोरांनीच आपल्या अक्षरात लिहिली. कन्नड पोरगा मराठी पोराला शब्द विचारतो, त्यात दोघांची ओळख होते. सीमाभागात भाषेवरनं मोठ्यांचं काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, ते वर्कशॉपच्या दारात ठेवून यावं एवढीच माझी इच्छा.

सगळंच जमतं असं नाही. एक पोरगा दुपारच्या थिअरीला रोज झोपायचा. मी त्याला तासभर उभं केलं. नंतर कळलं की रात्री तो उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काम करतो आणि सकाळी तिथनंच येतो. पुढच्या महिन्यापासून थिअरी सकाळी घेतली, दुपारी प्रॅक्टिकल; कानस हातात असली की सहसा झोप येत नाही. पण परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, ती त्याची भरेना. त्याच्या वडिलांना भेटून सांगितलं, दोन वर्षं पुरी झाली तर अप्रेंटिस म्हणून लागेल, तिथं शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. ते म्हणाले, "मास्तर, दोन वर्षांनी ना?" पोरगा दिवाळीनंतर आला नाही. मी त्याला उभं केलं होतं, ते अजून सलतं.

रोप लावणीच्या दिवसांत खानापूरकडचे बाक निम्मे मोकळे असतात. पूर्वी परत आलेल्यांना ओरडायचो. आता मागं पडलेले जॉब शनिवारी दुपारी पुरे करून घेतो, आणि शेताकडं पाऊस कसा आहे ते विचारतो.

फळ्या वाढून आता पाच झाल्यात, वेगवेगळ्या जाडीच्या. परवा स्टॉक तपासायला आलेल्या साहेबांनी त्या बघितल्या आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, पालथं घातलं. नोंद कुठंच नाही.

"हे काय आहे?"

"उंची, साहेब."

त्यांनी पेन उघडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: लाकडी फळ्या, पाच नग.