जांभळा हात आणि लांबलेला एपीटीटी

सत्तरीतले आजोबा. उभ्या जन्मात रक्ताची तक्रार नाही, घरात कुणाला हिमोफिलिया नाही. आणि चार दिवसांपूर्वी सलाईन लावलेला हात कोपरापासून मनगटापर्यंत जांभळा. असा हात दिसला की अक्वायर्ड हिमोफिलिया, म्हणजे जन्मजात नसून नंतर जडलेला रक्तस्रावाचा आजार, आठवायला हवा. यात शरीर स्वतःच्याच फॅक्टर 8 (रक्त गोठवणारं एक प्रथिन) विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसरा रुग्ण. बहुतेक म्हातारे, काही नुकत्याच बाळंत झालेल्या. सांध्यात रक्त क्वचितच उतरतं, कातडीखाली आणि स्नायूत मात्र हमखास.

प्लेटलेट्स ठीक. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी पीटी ठीक, एपीटीटी तेवढा लांबलेला. पण आधी ट्यूब बघा. निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलेलीच हवी: 0.3 मिली सायट्रेटला (रक्त गोठू न देणारं द्रव) 2.7 मिली रक्त. कमी भरली की एपीटीटी खोटाच वाढतो. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेल्या लाइनमधून काढलेलं रक्तही तसंच फसवतं. सुरगाण्याहून, पेठहून येणारा नमुना बर्फात घालू नका. 4 तासांत प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) वेगळा व्हायला हवा. मुंबईला पाठवायचा तर गोठवून, ड्राय आइसमध्ये. कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये वितळला, तर फॅक्टर 8 उगाच कमी दिसणार.

मिक्सिंग टेस्टमध्ये रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी प्लाझ्मा निम्मा मिसळला की एपीटीटीचा आकडा लगेच सुधारू शकतो, आणि इथेच बरेच जण थांबतात. तेच मिश्रण 37 अंशांवर 2 तास ठेवा; ही अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून आकडा तेव्हा पुन्हा लांबतो.

फॅक्टरची टक्केवारी किंवा इनहिबिटरची (म्हणजे याच अँटिबॉडीची) बेथेस्डा युनिट्स पाहून रक्तस्राव किती होईल ते सांगता येत नाही. आकडा बरा आला म्हणून दात काढायला पाठवू नये. सगळ्यात वाईट म्हणजे अंग दुखतंय म्हणून कमरेत टोचलेलं डायक्लोफेनॅक: सुई स्नायूत, वर औषध प्लेटलेट्सना ढिलं करणारं.

नुसत्या डागांना लक्ष ठेवणं पुरतं. मोठ्या रक्तस्रावात एफएफपीच्या (गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या) पिशव्या चढवण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही. फॅक्टर 8 ला वळसा घालून रक्त गोठवणारं फॅक्टर 7ए लागतं, किलोमागे 90 मायक्रोग्रॅम, दर 2-3 तासांनी. किंवा त्याच कामाचं फीबा, किलोमागे 50 ते 100 युनिट, दर 8-12 तासांनी, दिवसात किलोमागे 200 च्या वर नाही. म्हाताऱ्या माणसात दोन्हींनी गुठळी होऊ शकते, म्हणून ईसीजीकडे लक्ष हवं. अँटिबॉडी मोडायला स्टेरॉइड, ते रक्ततज्ज्ञ ठरवतील. परिणामाला आठवडे लागतात.

तोवर डागाची कड बॉलपेनने आखून शेजारी वेळ लिहा. रेघ ओलांडली, बोटं बधिर झाली किंवा मूठ मिटेना, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका.