अ‍ॅमेझॉनच्या लॉजवर जायचंय? आधी नदीचं बघा

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. पेरूमधल्या ताम्बोपाता नदीवरून अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या लॉजवर जायचं तर पाणी बघायची हीच सवय कामाला येते. फरक इतकाच, की तिथे पाणी चढल्याइतकाच उतरल्याचाही त्रास होतो.

आधी लसीचं उरकून घ्या. पेरू पीतज्वर (यलो फीव्हर) असलेल्या देशांच्या यादीत आहे, आणि खरी अडचण तिथे जाताना नाही, परत येताना येते. लस टोचून १० दिवस झाल्याचं पिवळं कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. आपल्याला मुंबई किंवा वास्कोचं मुरगाव बंदर आरोग्य कार्यालय सोयीचं. वेळ ठरवूनच जा. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून टाका.

लिमाहून विमानाने पुएर्तो माल्दोनादो हे गाव गाठायचं. इथे ताम्बोपाता माद्रे दे दिओस नदीला मिळते. विमान सकाळचंच घ्या, कारण अंधारात बोटी सहसा सोडत नाहीत. पाण्यातले ओंडके दिसत नाहीत. दुपारी उशिरा उतरलात तर ती रात्र गावातच काढायची. बहुतेक लॉज १ ते ३ तासांवर, सगळ्यात आतल्या ठिकाणी जायला जवळपास अख्खा दिवस. जाताना प्रवाहाविरुद्ध, म्हणून येताना त्याहून कमी वेळ लागतो.

बोट लांबुळकी, अरुंद, वर छप्पर, मागे मोटर. पुढच्या टोकावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो, त्याला पुंतेरो म्हणतात. काठी तळाला टेकवत तो हाताने मागच्याला डावं-उजवं दाखवतो. वाळूचा उंचवटा कुठे सरकलाय, हे त्या काठीलाच आधी कळतं. तरी उथळ पाण्यात पंखा ओंडक्यावर आपटतोच. मग मोटर वर उचलून दुरुस्ती होईपर्यंत बसून राहायचं. वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं, म्हणून सांगितलेली जागा सोडून फोटोसाठी एका कडेला गर्दी करू नका.

चाकांची बॅग इथे निव्वळ ओझं. काठावर चिखलाच्या पायऱ्या असतात, आणि पाणी उतरलेलं असेल तर चढ आणखी वाढतो. पाठीवरची मऊ बॅग, आत जाड प्लास्टिक, जास्तीचं सामान गावातल्या लॉजच्या कार्यालयात. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, अभयारण्याच्या चौकीवर नोंद होते.

कोरडे दिवस साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर जमते; दिवाळीत गेलात तर तिथला पाऊस तोंडावर असतो. पण कोरड्या दिवसांतही दक्षिणेकडून ‘फ्रियाहे’ नावाची थंडीची लाट येते, आणि दोन-तीन दिवस पारा १०-१२ अंशांवर. जंगल म्हणजे उकाडा, या समजुतीने एकही स्वेटर न नेणारे तेव्हा बाजूंनी उघड्या बोटीत कुडकुडतात. डास पळवणारं मलम २० ते ३० टक्के डीट (DEET) हे रसायन असलेलं घ्या. पूर्ण बाह्यांचे सैल, फिकट कपडे त्याहून महत्त्वाचे.

मकाव पोपट नदीकाठच्या मातीच्या कड्यावर माती खायला येतात. तिथल्या झाडपाल्यात सोडियम कमी, ते या मातीतून मिळतं, असं मानतात. पहाटे उठून जायचं. पाऊस असेल तर पक्षी बहुधा येतच नाहीत. एकच सकाळ ठेवून जाणारे म्हणूनच निराश होतात. किमान तीन रात्री राहा.

परतीला, लॉज सोडायच्या दिवशीच लिमाहून परदेशी विमान कधीच धरू नका. पहाटेचं धुकं हटेपर्यंत बोट थांबते, पावसाने छोटं विमान लांबतं. मधे एक रात्र लिमात ठेवा.