तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबमधला सेन्सर दवाखान्यात का अडतो?

नाशिकमधले विद्यार्थी आणि पॅथॉलॉजीवाले, दोघंही हेच विचारतात: बायोसेन्सरवर (एन्झाइम किंवा अँटिबॉडीनं रक्तातला एखादा पदार्थ ओळखून सिग्नल देणाऱ्या उपकरणावर) इतके रिसर्च पेपर निघतात, मग दवाखान्यात ग्लुकोमीटरपलीकडे फारसं काही का दिसत नाही?

पेपरातला सेन्सर बऱ्याचदा बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या स्वच्छ द्रावणात तपासलेला असतो. रक्त तितकं सरळ नाही. त्यातली प्रथिनं इलेक्ट्रोडवर थर धरतात आणि सिग्नल पडतो. पॅरासिटामॉल किंवा व्हिटॅमिन सी इलेक्ट्रोडवर स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन खोटा करंट देतात, आणि तापाचा पेशंट पॅरासिटामॉल घेऊनच आलेला असतो! म्हणून मीडिएटर (एन्झाइमकडून इलेक्ट्रोडकडे इलेक्ट्रॉन नेणारा रेणू) वापरून व्होल्टेज खाली आणायचं, इलेक्ट्रोडवरच्या मोकळ्या जागा बीएसए या प्रथिनानं भरायच्या, आणि एन्झाइम न लावलेला इलेक्ट्रोड शेजारी ठेवून त्याचा करंट वजा करायचा. हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, भानगड वेगळीच. तो कमी असला की साध्या स्ट्रिपवर शुगर खरीपेक्षा जास्त दिसते. सुरगाणा-पेठकडे सिकलसेलचे (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट आहेत, त्यांच्यात लाल पेशी कमी असतात, म्हणून तिथे हे विसरून चालत नाही.

खरा घात मात्र वाळवण्यात होतो. फ्रीजमध्ये नीट राहणारी अँटिबॉडी स्ट्रिपवर सुकली की तिची घडी मोडते. ट्रेहॅलोज ही साखर घालून सुकवली तर बरीचशी टिकते. स्ट्रिप सिलिका जेलसकट फॉइलच्या पाऊचमध्ये बंद करून ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्‌महिने ठेवून बघायची. हे कंटाळवाणं काम पेपरात सहसा नसतं. इगतपुरीच्या पावसात उघडं टाकलेलं पाऊच आणि मालेगावचा मे महिना ही तर त्याहून कडक परीक्षा. पुढे बॅच-बॅचमधला फरक, आयएसओ १३४८५ची (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकाची) कागदपत्रं आणि २०१७च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखालचं लायसन्स. यात वेळ जातो, पण वाट ठरलेली आहे.

आकड्यांत मात्र भलेभले फसतात. सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती पकडले) ९५ टक्के, स्पेसिफिसिटीही (निरोग्यांपैकी किती निगेटिव्ह आले) ९५, आणि आजार शंभरात एकाला, असं धरा. १०,००० जण तपासले तर १०० आजाऱ्यांपैकी ९५ सापडतील, पण ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५९० पॉझिटिव्हमध्ये खरे ९५. असा सेन्सर फक्त चाळणीला, म्हणजे प्राथमिक तपासणीला वापरायचा. सिकलसेलमध्येही सोल्युबिलिटी टेस्टला वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात. तुमच्या सेन्सरनंतरची पक्की तपासणी तालुक्याच्या पेशंटला कुठे आणि किती दिवसांत मिळेल, हे पहिला इलेक्ट्रोड छापण्याआधी विचारून घ्या.