अण्णांचं रिव्हॉल्व्हर विकताना

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांकडे पॉइंट ३२ चं पिस्तूल आहे, आता वयामुळे त्यांना नको झालंय, गिऱ्हाईक मिळालंय, ओळखीतलंच आहे, त्याच्याकडे परवाना पण आहे. "मग पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतो, पैसे घेतो आणि देऊन टाकतो, झालं ना?" मी त्याला म्हटलं, आधी ते कपाटात कुलूप लावून ठेव आणि मला अर्धा तास दे. आम्ही हे सगळं २०२३-२४ मध्ये अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रिव्हॉल्व्हरसाठी केलंय, सव्वा वर्ष लागलं, आणि त्यातलं निम्मं आम्हाला आधी माहीत असतं तर तेवढं लागलं नसतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

अण्णांनी ते १९९८ मध्ये घेतलं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, पॉइंट ३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप). तेव्हा आम्ही शेतातल्या वस्तीवर राहायचो, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, रात्री लाईट नसायची आणि आजूबाजूला दोन दरोडे पडले होते. आयुष्यात त्यांनी ते कोणावर काढलं नाही. वर्षातून एकदा खंडेनवमीला कोयता, विळा, ट्रॅक्टर यांच्या सोबत पाटावर असायचं, हळदीकुंकू वाहायचं आणि परत कपाटात. पण परवान्याचं नूतनीकरण त्यांनी एकदाही चुकवलं नाही, त्या बाबतीत ते फार कडक.

आता ते पंच्याहत्तरीला टेकले, हात थरथरतो, आणि घरात मी आणि भाऊ दोघंही पुण्यात. नियमाप्रमाणे मी माझ्या नावावर घेऊ शकलो असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं की ते त्याच्या हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं, त्यासाठी माणूस जायची वाट बघावी लागत नाही. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. पण वारसाला सुद्धा स्वतःचा अर्ज, पोलीस चौकशी, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हे सगळं करावंच लागतं, आपोआप काही येत नाही. माझ्या घरात सहा आणि तीन वर्षांची मुलं आहेत, टू बीएचके फ्लॅट. मला ते नको होतं. म्हणून विकायचं ठरलं.

पहिला गैरसमज आमचाच. आम्हाला वाटायचं की खाजगी माणसाला हत्यार विकताच येत नाही, फक्त गन हाउसला, म्हणजे हत्यारांच्या परवानाधारक दुकानालाच द्यावं लागतं. तसं नाहीये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ मध्ये लिहिलंय की स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं हत्यार तुम्ही विक्रीचा परवाना नसतानाही दुसऱ्या माणसाला विकू शकता, फक्त तो माणूस ते बाळगायला पात्र पाहिजे. आणि पुढे दोन अटी आहेत, त्या दोन ओळींतच सगळा खेळ आहे. एक, विकायच्या आधी जिल्हा दंडाधिकारी (म्हणजे कलेक्टर) किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं की मी हे विकणार आहे आणि अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला विकणार आहे. दोन, कळवल्यावर कमीत कमी ४५ दिवस थांबायचं.

४५ दिवस. लोक इथेच घसरतात. अर्ज दिला की झालं असं समजून दुसऱ्या दिवशी हत्यार देऊन मोकळे होतात. न कळवता किंवा ४५ दिवस व्हायच्या आत विकलं तर तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे तर घेणारा परवानाधारक असला तरीचं सांगतोय. ज्याला बाळगायचा अधिकारच नाही अशा माणसाच्या हातात दिलं तर विषय कलम २५ मधल्या बेकायदा विक्रीच्या गुन्ह्यावर जातो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीला कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ओळखीचा आहे, पाहुणा आहे, भावकीतला आहे, याला तिथे काही किंमत नाही.

आणि ४५ दिवस उलटले म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही बरं का. ती फक्त थांबायची मुदत आहे. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या हत्याराची नोंद व्हायला पाहिजे आणि देणाऱ्याच्या परवान्यावरून ती कमी व्हायला पाहिजे, त्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. मी मित्राला सातबाऱ्याचं उदाहरण दिलं, पैसे दिले-घेतले तरी फेरफार होईपर्यंत गावात जमीन जुन्याच मालकाच्या नावाने ओळखतात ना, तसं परवान्यावरून नोंद निघत नाही तोवर त्या हत्याराने काहीही झालं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार. गाडी विकताना २९-३० फॉर्मवर सह्या करून ठेवतात आणि नंतर कधीतरी आरटीओत जाऊ म्हणतात, ती सवय इथे कृपा करून आणू नका.

आमचं पहिलं गिऱ्हाईक अण्णांच्या मित्राचा पुतण्या, चांदोलीच्या बाजूला शेती, गवे आणि डुकरं भाताचं पार वाटोळं करतात म्हणून त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची बाराबोरची बंदूक होती. माणूस चांगला, परवाना चालू, पैशाला तयार. सगळं ठरलं, मी अर्ज पण टाइप करून घेतला. मग सहज त्याचा परवाना मागितला बघायला तर त्यावर बाराबोर सोबत आजोबांकडून आलेली ठासणीची बंदूक पण चढलेली. म्हणजे दोन झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची. वारसाने आलेलं असलं तरी ते दोनातच मोजतात. त्याला वाटत होतं की ठासणीची बंदूक जुनी, भिंतीवर टांगलेली, ती कुठे मोजतात. मोजतात. आजोबांची वस्तू काढायला तो तयार नव्हता आणि मला ते पटलं सुद्धा, मग तो व्यवहार तिथेच थांबला. त्यामुळे समोरच्याचा मूळ परवाना, झेरॉक्स नाही, मूळ, हातात घेऊन बघायचा. मुदत चालू आहे का (आता पाच वर्षांची असते, आधी तीन होती), यूआयएन नंबर (प्रत्येक परवानाधारकाला कम्प्युटरवर मिळालेला ओळख क्रमांक) आहे का, किती हत्यारं चढलीत, रिव्हॉल्व्हर-पिस्तूल घ्यायची मंजुरी आहे का फक्त लांब नळीची. तुमचं हत्यार नऊ एमएम असेल तर थांबाच, तो प्रतिबंधित बोअर आहे, त्याचा परवाना जिल्ह्यात मिळतच नाही, दिल्लीला गृहमंत्रालयातून लागतो.

दुसरे गिऱ्हाईक आमच्याच जिल्ह्यातले एक निवृत्त गृहस्थ निघाले, त्यांना रिव्हॉल्व्हरचा नवा परवाना मंजूर झाला होता आणि अजून हत्यार घेतलेलं नव्हतं, म्हणजे सगळ्यात सोपी केस. दोघं एकाच जिल्ह्यातले असल्यामुळे ऑफिस पण एकच, आमच्याकडे कलेक्टर ऑफिसची गृह शाखा. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयाच्या शहरात हेच काम पोलीस आयुक्तांकडे असतं. आणि देणारा एका हद्दीत, घेणारा दुसऱ्या हद्दीत असेल तर दोन ऑफिसांचा पत्रव्यवहार, नाहरकत, ते हत्यार त्या हद्दीत न्यायची परवानगी, हे सगळं वाढतं, तेव्हा जमलं तर जिल्ह्यातलाच माणूस बघा हा माझा स्पष्ट सल्ला.

जानेवारी २०२४ मध्ये अर्ज दिला. एक प्रत कलेक्टर ऑफिसला, एक पोलीस ठाण्याला, आणि आमच्या प्रतीवर दोन्हीकडचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. ठाण्यात म्हणाले ठेवून जा, पोच नंतर देतो. अण्णा बाकावर बसून राहिले दोन तास, पोच घेतल्याशिवाय उठले नाहीत. तेव्हा मला वाटलं कशाला एवढं ताणतायत, पण ४५ दिवस मोजायचे ते त्या शिक्क्याच्या तारखेपासून, आणि नंतर एका टेबलावरून आमचा अर्जच गायब झाला तेव्हा त्या पोचेवरच सगळं उभं राहिलं.

मध्ये १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. अण्णांना हत्यार जमा करायची नोटीस आली, केलं, त्याची पावती घेतली. ४ जूनला निकाल लागेपर्यंत फाइल हलली नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, तो काळच तसा असतो, फक्त निवडणूक जवळ असेल तर तेवढे महिने धरून चाला.

खरा घोळ जूनमध्ये झाला. हत्यार परत घेताना हवालदारांनी फ्रेमवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर ताडून बघितला आणि ते म्हणाले, साहेब हे जुळत नाही. अण्णांचं जुनं परवाना पुस्तक हाताने लिहिलेलं. त्यात शेवटचे दोन आकडे ८८ असे आहेत पण लिहिणाऱ्याचा आठ असा उघडा की तीन वाटतो. यूआयएनसाठी सगळे परवाने कम्प्युटरवर चढवले तेव्हा कोणीतरी ३३ असं चढवलं, पुढच्या नूतनीकरणात तेच छापून आलं, आणि आमच्यापैकी कोणीच कधी बघितलं नाही. म्हणजे कागदावर जे रिव्हॉल्व्हर होतं ते अस्तित्वातच नव्हतं आणि अण्णांच्या हातात जे होतं त्याचा परवाना नव्हता. त्या दिवशी ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. सव्वीस वर्षं एक तारीख न चुकवलेला माणूस, आणि आकड्याच्या एका पोटामुळे गुन्हेगारासारखं उभं राहायची वेळ.

सुटलं ते १९९८ च्या बिलामुळे. अण्णांनी गन हाउसचं मूळ बिल जपून ठेवलं होतं, त्यावर नंबर टाइप केलेला, स्वच्छ. ते बिल, जुनं पुस्तक, ठाण्यातल्या तपासणीचा अहवाल आणि दुरुस्तीचा अर्ज, दोन महिने गेले. ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर कपाट उघडून नंबर ताडून बघा, विकायचं असो वा नसो.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही नवीन तारखेचा अर्ज परत दिला, म्हणजे ४५ दिवस पुन्हा पहिल्यापासून. कायद्याने लागलं असतं का नाही यावर वकील आणि क्लार्क यांची मतं वेगळी होती, पण चुकीच्या नंबरचा अर्ज आधाराला ठेवायची माझी तयारी नव्हती.

या काळात घेणारे काका एकदा म्हणाले, चार दिवस घरी ठेवून बघू का, कुलपाची पेटी त्या मापाची करून घेतो. चांगल्या मनाने म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांच्या परवान्यावर चढेपर्यंत एक रात्र सुद्धा नाही, मापं मी फोटोवर पाठवली. पैसे पण आधी घेतले नाहीत, शेवटी बँकेतून घेतले, आणि साध्या कागदावर पावती केली ज्यात दोघांचे परवाना क्रमांक, यूआयएन, बनावट, बोअर, हत्याराचा नंबर, आदेशाचा क्रमांक आणि तारीख. काडतुसं विसरू नका, ती सुद्धा त्याच कायद्यात येतात. आमच्याकडे चौदा होती, फार जुनी, ती आम्ही विक्रीत न धरता परवानाधारक दुकानात जमा केली आणि पावती घेतली. हत्यार दिलं ते पण त्याच दुकानात, त्यांच्या रजिस्टरला नोंद करून, दोन्ही परवाने समोर ठेवून.

माझा मामेभाऊ टेक्सासला असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला की तिथे एकाच राज्यातल्या दोन माणसांत खाजगी विक्री असेल तर सरकारी कागदच लागत नाही, फक्त ज्याला कायद्याने बंदी आहे हे माहीत आहे किंवा तशी शंका यायला कारण आहे अशाला द्यायचं नाही, आणि शहाणी माणसं स्वतःहून लायसन्स बघून बिल करून घेतात. त्याचा मित्र कॅलिफोर्नियाला आहे, तिथे मात्र खाजगी व्यवहार पण डीलरकडूनच करावा लागतो आणि दहा दिवस थांबावं लागतं. मी सव्वा वर्ष हेलपाटे मारलेत तरी मला आपलीच पद्धत बरी वाटते. हत्यार कोणाकडून कोणाकडे गेलं हे कुठेतरी लिहिलेलं असलंच पाहिजे.

एक गोष्ट अजून, कारण याबद्दल बरेच जण विचारतात. परवानाधारक वारला तर घरच्यांनी ते हत्यार कपाटात ठेवून घ्यायचं नाही. तेराव्याच्या गडबडीत कोणाला सुचत नाही हे मी समजू शकतो, पण त्या दिवसापासून घरात कोणाकडेच त्याचा परवाना नसतो. लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं, पावती घ्यायची, आणि मग वारसांनी ठरलेल्या मुदतीत ठरवायचं, कोणी नावावर घेणार का विकायचं. जमा केलं म्हणजे ते लगेच सरकारचं झालं असं नाही, विक्रीचा अधिकार वारसांना असतो. आमच्या गावात एका घरी आजोबांची बंदूक दोन वर्षं माळ्यावर पडून होती, नूतनीकरण का नाही म्हणून पोलीस विचारायला आले तेव्हा आजीला जबाब द्यायला ठाण्यात जावं लागलं. ऐंशीच्या पुढची बाई.

आमचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत. अण्णांच्या परवान्यावर नोंद कमी केल्याचा शिक्का बसला, आणि हत्यारच नाही तर परवाना ठेवून काय करायचं म्हणून त्यांनी तो पण परत केला, पोच घेऊन. दसऱ्याला पाटावर कोयता आणि विळाच होता. पूजा झाल्यावर अण्णांनी मला त्या काकांना फोन लावायला सांगितला. मला वाटलं शुभेच्छा द्यायच्या असतील. फोन घेऊन म्हणाले, "तुमच्या परवान्यावर नंबर छापून आलाय ना, त्यातले शेवटचे दोन आकडे आठच आहेत ना, तेवढं चष्मा लावून बघून घ्या."