गटारीला कोणती रेड वाइन उघडायची?

आषाढ संपत आला की सोसायटीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "तुला त्यातलं कळतं ना, मग सांग बाई, मटणाबरोबर कुठली रेड आणू?" मला कळतं म्हणजे काय, तर मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रंगांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघते आणि जिथे तिथे नाक खुपसून वास घ्यायची खोड घरीही सुटत नाही. मी उलट एवढंच विचारते, जेवताना पिणार की जेवणाआधी गच्चीवर गप्पा मारताना? त्यावरच सगळं ठरतं. रेड वाइनमध्ये जुन्या पद्धतीची आणि नव्या पद्धतीची असे दोन तट आहेत आणि त्या तटांवरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झालेली आहेत.

सगळ्यात गाजलेलं भांडण इटलीतलं, पिएमाँत भागातल्या बारोलो या वाइनचं. द्राक्ष एकच, नेब्बिओलो. जुने लोक द्राक्षाचा रस सालींसकट महिना महिना ठेवायचे, मग हजारो लिटरच्या अवाढव्य जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचे. तरुण असताना ती वाइन इतकी तुरट लागायची, की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडावी. दहा-पंधरा वर्षं थांबायची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जायचं. शेतकऱ्याला तेवढं थांबणं परवडत नव्हतं. ला मोर्रा गावचा एलिओ आल्तारे फ्रान्समधल्या बर्गंडीत जाऊन तिथली कामाची रीत बघून आला आणि १९८३ मध्ये चेनसॉ घेऊन त्याने बापाच्या तळघरातली जुनी पिंपं कापून काढली. बापाने त्याला वारशातून बेदखल केलं. नवी मंडळी साली काही दिवसांतच काढून टाकायला लागली आणि वाइन २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओकच्या पिंपांत भरायला लागली. ही छोटी पिंपं म्हणजे बॅरिक. दुसऱ्या तटावरचा बार्तोलो मास्कारेल्लो बाटल्यांची लेबलं स्वतः हाताने रंगवायचा. त्यातल्या एका लेबलावर त्याने लिहिलं, 'नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी'. बर्लुस्कोनी म्हणजे तिथला बडा राजकारणी. इटलीचं राजकारण आणि लाकडाचं पिंप त्याने एकाच दमात निकालात काढलं.

छोट्या पिंपाचं गणित सोपं आहे. पिंप जितकं लहान, तितका दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त. त्यात लाकूड नवं असेल तर व्हॅनिला, कॉफी, भाजल्याचा वास हे सगळं वाइनमध्ये उतरतं. मोठं जुनं पिंप स्वतःचा वास जवळजवळ देतच नाही. फटींतून आणि लाकडातून थोडी थोडी हवा मात्र आत जात राहते, तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटून मोठी होतात, काही गाळात बसतात आणि वाइन मवाळ होते. जांभळा रंग हळूहळू विटकरी होतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कड बघितली तरी अर्धा अंदाज येतो. आमच्या लॅबमध्ये रंगाचा नमुनाही मी असाच बघते.

आता मटण. आमचं सीकेपी घर, सासर नौपाड्यातलं. रश्शात बटाटा हवाच आणि वाटण खरपूस भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं. याच्याबरोबर माझं मत पक्कं आहे: स्पेनमधली जुन्या पद्धतीची रिओहा. तिथे पिंपं छोटीच असतात, पण परंपरेने अमेरिकन ओकची आणि पुष्कळदा वापरून जुनी झालेली. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं जास्त असतात आणि त्यांचा वास थेट खोबऱ्याचा. भाजलेल्या वाटणाचा घास आणि मागून ही वाइन, दोन्हीकडून खोबरंच खोबरं! लेबलावर 'ग्रान रेसेर्वा' असेल तर किमान पाच वर्षं मुरवलेली, त्यातली दोन तरी लाकडात. तिथल्या हारो गावचे लोपेस दे एरेदिया हे वाइनवाले १८७७ पासून हेच करत आलेत. त्यांची पिंपं बनवणारे सुतारसुद्धा घरचेच.

तिखटाचा मुद्दा लोक विसरतात. अल्कोहोल वाढलं की मिरचीची आग जास्त भडकते. नव्या पद्धतीच्या दणकट बाटलीवर १४.५ टक्के लिहिलेलं असेल तर ती झणझणीत रश्शाबरोबर घशात पेटते, तुरटपणा वर मीठ चोळतो. १३ च्या आसपासची मुरलेली वाइन शहाण्यासारखी वागते. म्हणून दुकानात आधी मागचं लेबल वाचा, पुढचं चित्र नंतर. आणि सोड्याची खिचडी किंवा कोलंबीचं भुजणं असेल तर कुठलीच रेड नको. वाइनमधलं लोह आणि मासळीतली चरबी यांचं जमत नाही, तोंडात उगाच वशाट चव राहते.

गच्चीवर, नुसते शेंगदाणे आणि गप्पा असतील तर मात्र नवी पद्धत जिंकते. ती पहिल्या घोटातच बोलते, जेवणाची वाट बघत नाही. नाशिककडच्या बहुतेक रेड याच वळणाच्या आहेत. आपल्याकडे द्राक्षं काढतात जानेवारी ते मार्चमध्ये, आणि वाइन लवकर प्यावी म्हणूनच केलेली असते. शिराझ द्राक्षाची घ्या, बिनधास्त. थोडं जेवणाकडे झुकणारं हवं असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची 'सेत्ते' आहे, सांजोव्हेजे आणि कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षांची. परदेशी बाटलीवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क असल्यामुळे रिओहा सणासुदीलाच परवडते, हेही खरं.

खरं तर आता दोन्ही तट बरेच जवळ आलेत. नव्या मंडळींतले कितीतरी जण मोठ्या पिंपांकडे परतले, जुन्यांनी तळघरं स्वच्छ केली आणि तापमान सांभाळायला शिकले. भांडणाची मजा गेली, वाइन सुधारली.

'रूम टेम्परेचर'ला प्यायची, हे ज्याने सांगितलं त्याची रूम घोडबंदर रोडवर नव्हती. रेड १६ ते १८ अंशांवर बरी लागते, आपल्याकडे पावसाळ्यातही खोली तिशीच्या आगेमागे असते. तेव्हा दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवा, अजिबात लाजू नका. बाटली स्वयंपाकघरातल्या माळ्यावर तर मुळीच नको, गॅसची सगळी वाफ तिथेच जाते. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, आणि उघडली की फार वेळ ताटकळत ठेवू नका, तिचा वास उडून जातो. तरुण बारोलो मात्र जगमध्ये ओतून दोन-तीन तास मोकळी सोडा.

सासरे यातलं काही मानत नाहीत. आप्पा आयुष्यभर रमवाले. गेल्या गटारीला त्यांना रिओहा दिली. म्हणाले, "अगं, ही तर औषधासारखी आहे." पण रस्सा वाढल्यावर पेला पुढे केला.

"आप्पा, औषध ना?"

"डोस पूर्ण करायचा असतो."

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर नव्या पद्धतीची दोन-तीन दिवस चालते. जुनी दुसऱ्या दिवशीच मान टाकते, ती त्याच रात्री संपवा. आमच्याकडे उरलेल्या शिराझमध्ये आप्पा सोडा आणि लिंबू घालतात. त्यावर मी बोलत नाही.